हजेरी: दुसऱ्यांसाठी रोज प्रार्थना करायची ती कशी

पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी चौथीचा वर्ग घेत होते. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली, हजेरी घ्यायला बसले आणि पटावरच्या २७ नावांपैकी ११ नावांना कुणी ‘हजर बाई’ म्हणालंच नाही. आईबापांनी मुकादमाची उचल घेतलेली, ट्रॅक्टर आला आणि टोळी ऊसतोडीला गेली. पोरंही गेली. पुढच्या रांगेत बसणाऱ्या एका मुलीचं नाव मी दोनदा पुकारलं. शेजारची म्हणाली, “बाई, ती गेली. तिचं दप्तर आमच्या घरी ठेवलंय.”

त्या रात्री घरी कुटुंबप्रार्थनेत माझी पाळी होती. मी नेहमीसारखी सुरू झाले, “प्रभू, सर्व गोरगरिबांना, सर्व आजाऱ्यांना, सर्व संकटात असलेल्यांना...” आणि ‘सर्व’ या शब्दापाशीच अडले. सर्व म्हणजे कोण? सकाळी अकरा नावं मी स्वतः पुकारली होती. ती एकेक करून घेऊ लागले. नऊ आठवली, दोन आठवेनात. दुसऱ्या दिवशी कॅटलॉगमधून सगळी नावं एका कागदावर उतरवली आणि तो कागद बायबलमध्ये ठेवला. ती माझी पहिली यादी. याला आता चोवीस वर्षं होतील.

आमच्या भगिनी मंडळात हल्ली तरुण मुली विचारतात, “बाई, मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे दुसऱ्यांसाठीची, रोज करायची ठरवतो, पण आठ दिवसांत बंद पडते. काय करायचं?” त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. ही सवय नावांवर उभी राहते. मन भरून येणं, डोळ्यांत पाणी येणं, हे रोज होत नाही. नाव मात्र रोज घेता येतं.

बायबलात निर्गमच्या २८ व्या अध्यायात महायाजक अहरोनाच्या वस्त्रांचं वर्णन आहे. पूर्वी मी ते भराभर वाचून पुढे जायचे. खांद्यांवर दोन रत्नं, एकेका रत्नावर सहा-सहा नावं. छातीवर ऊरपट, त्यावर बारा रत्नं, प्रत्येक रत्नावर एकेका वंशाचं नाव कोरलेलं. पवित्रस्थानात जाताना ही नावं त्याने आपल्या हृदयावर वाहून न्यायची. इस्राएल लोकांसाठी नुसता ‘लोक’ हा शब्द कोरून भागलं असतं, पण देवाने नावं कोरायला सांगितली. हजेरी घेण्यात आयुष्य गेलेल्या बाईला ही गोष्ट किती जवळची वाटली असेल ते दुसऱ्या शिक्षकालाच कळेल.

तर पहिलं काम वहीचं. शंभर पानी साधी वही घ्या. मोबाईलमध्ये लिहू नका. मोबाईल उघडला की त्यात आलेले मेसेज आधी दिसतात आणि दहा मिनिटं तिथेच जातात. वहीचं डावं पान नावांसाठी, उजवं पान तारखेसाठी आणि पुढे काय झालं ते लिहिण्यासाठी. वाराप्रमाणे पानं करा. एका वाराला सातपेक्षा जास्त नावं नकोत. हे मी चूक करून शिकले. एका वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात उत्साहात साठ-सत्तर नावं रोज घ्यायचं ठरवलं. चौथ्या दिवशी मी नावं नुसती वाचत होते, बाजाराची यादी वाचावी तशी. सात नावं असली की प्रत्येकापाशी क्षणभर थांबता येतं, त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणता येतो.

माझा सोमवार घरच्यांचा. मंगळवार सासर-माहेरच्या माणसांचा. बुधवार शाळेचा, म्हणजे जुने विद्यार्थी आणि बरोबर काम केलेले शिक्षक. गुरुवारी मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, आजारी आणि आमचे पाळक. पाळकांसाठी सगळ्यांनी करावीच. सगळ्या मंडळीची दुःखं ऐकणाऱ्या माणसाला स्वतःचं दुःख सांगायला कुणी नसतं. शनिवार अधिकाऱ्यांचा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौलाने राजे आणि अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे, आणि त्या काळी राज्य रोमचं होतं, विश्वासणाऱ्यांचं नव्हतं. म्हणून माझ्या शनिवारच्या पानावर आमचे तलाठी आहेत, ग्रामसेवक आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आहेत. रविवारी काही मागत नाही, उजवी पानं वाचून उपकारस्तुती करते. शुक्रवारचं पुढे सांगते, तो सोपा नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असं ठरवलं तर वेळ कधीच मिळत नाही. जे काम रोज न चुकता होतं, त्याच्याशी प्रार्थना बांधून टाका. आमच्याकडे दूधवाला पावणेसहाला येतो. दीड लिटर दूध मंद गॅसवर ठेवलं की वर यायला बारा-तेरा मिनिटं लागतात. या वेळात गॅसपासून हलता येत नाही, गेलं की दूध उतू गेलंच. मी पातेल्यात पळी ठेवते, स्वयंपाकघराचं दार लोटते आणि ओट्यावर वही उघडते. दूध कोमट होईपर्यंत पहिली दोन नावं. कडेला बारीक बुडबुडे धरू लागले की तिसरं, चौथं. साय सुरकुतायला लागली की शेवटचं नाव, आणि दूध वर आलं की आमेन. प्रभूने दार लावून गुप्तपणे प्रार्थना करायला सांगितलं, ती खोली माझ्यासाठी सव्वीस वर्षांच्या नोकरीत स्वयंपाकघरच होती. सकाळी सातची बस पकडायची असे, दुसरी खोली आणि दुसरी वेळ नव्हतीच. निवृत्त झाले तरी तीच ठेवली.

तुमच्याकडे दूध नसेल, पाणी असेल. पुण्या-मुंबईकडच्या कित्येक सोसायट्यांत सकाळी ठराविक वेळ पाणी येतं, तोवर नळापाशी उभं राहावंच लागतं. आमच्या मंडळीतला एक रिक्षावाला पहिलं भाडं मिळेपर्यंत स्टँडवर बसून करतो. माझा पुतण्या कंपनीच्या बसमध्ये करतो, जिथून बसतो तिथपासून ठराविक चौकापर्यंत. दानिएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे. आपल्याला एक वेळ तरी पक्की करता आली पाहिजे.

आता मागायचं काय? इथे बहुतेक जण थांबतात. ‘आशीर्वाद दे’ एवढं म्हटल्यावर पुढचे शब्द सुचत नाहीत. उपाय साधा आहे, ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्यालाच विचारा. यरीहोच्या बाहेर बार्तीमय ओरडत आला तेव्हा तो आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी प्रभूने त्याला विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. आमच्या शेजारच्या काकू गुडघ्यांनी बेजार होत्या. मी चार महिने त्यांच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. एकदा पापड लाटताना सहज म्हणाले, “काकू, मी रोज तुमचं नाव घेते. तुम्हाला काय मागू?” त्या लाटणं थांबवून म्हणाल्या, “गुडघ्यांचं काय गं, वयच आहे. थोरल्याचा फोन येत नाही सात महिने झाले. त्याला बुद्धी होऊ दे.” त्या वारकरी घरातल्या, दर आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या. तरी येशूच्या नावाने मी मागते हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. मी चार महिने चुकीच्या दारावर थाप मारत होते असं मला वाटलं. त्या दिवशी उजव्या पानावर लिहिलं: थोरला मुलगा, फोन.

विचारणं शक्य नसेल तेव्हा पौलाचे शब्द उसने घ्यावेत. इफिसच्या पत्रात तिसऱ्या अध्यायात, फिलिप्पैच्या आणि कलस्सैच्या पत्रात पहिल्याच अध्यायात त्याच्या प्रार्थना आहेत. नीट वाचल्या तर लक्षात येतं की तो स्वतः तुरुंगात असताना लिहितो, पण मागतो ते लोकांच्या अंतर्यामाचं बळ, प्रीतीत वाढ, देवाच्या इच्छेचं ज्ञान, धीर. माझा एक भाचा पुण्यात अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा देतो. पहिल्या दोन वर्षी मी ‘त्याला पास कर’ एवढंच मागत होते, आणि दोन्ही वेळा यादीत नाव आलं नाही. आता असं मागते: “बापा, निकालाच्या दिवशी तो खोलीत एकटा असेल. त्याच्या आतल्या माणसाला बळ दे. लायब्ररीत शेजारी बसणाऱ्या मुलाचं नाव यादीत आलं तर त्याला मनापासून आनंद होऊ दे.” पास होऊ दे हेही मागतेच, ते सोडलेलं नाही. पण तेवढ्यावर थांबत नाही.

प्रार्थना लांब नको. एका नावाला दोन वाक्यं पुरतात, फक्त ती त्याच माणसाची असावीत. “माझ्या धाकट्या जावेला आज सोनोग्राफीच्या रांगेत भीती वाटेल, तिच्याजवळ बस.” हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या नावापुढे चालणार नाही. अशी वाक्यं यायला लागली की सवय लागली समजा.

एक गोष्ट सांगायला जड जाते, पण सांगते. शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या मिस्टरांची अँजिओप्लास्टी होती. स्टाफरूममध्ये त्यांचा हात हातात घेऊन मी म्हणाले, “मी प्रार्थना करते.” आणि विसरले. दहा दिवसांनी त्या पेढे घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “तुमच्या प्रार्थनेनं झालं बाई.” तो पेढा माझ्या घशाखाली उतरेना. शमुवेल संदेष्टा लोकांना म्हणाला होता की तुमच्यासाठी प्रार्थना करणं मी सोडलं तर तो परमेश्वराविरुद्ध अपराध होईल. मला त्या पेढ्याच्या वेळी ते वचन पहिल्यांदा कळलं. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन खरं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, चहा केला, मग म्हणाल्या, “आता करा की, गोळ्या वर्षभर आहेत.”

तेव्हापासून एक नियम आहे. कुणी ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हटलं की तिथेच, उभ्या उभ्या, वाटलं तर मनातल्या मनात, एक वाक्य प्रभूजवळ बोलायचं. मग वहीत लिहायचं. व्हॉट्सॲपवर प्रार्थनेचा विषय आला तर हात जोडलेलं चित्र पाठवण्याच्या आधी डोळे मिटायचे. आधी प्रार्थना, मग चित्र. हा क्रम उलटा झाला की प्रार्थना राहून जाते, हे मी स्वतःवरून सांगते.

वहीत नावं पूर्ण लिहू नका. एखाद्याच्या घरातली गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून बाहेर पडते आणि तिची चर्चा होते. एका सभेत मी एका मुलीच्या मोडत चाललेल्या संसारासाठी मोठ्याने, तपशिलासकट प्रार्थना केली. माझा हेतू चांगला होता. पण रविवारी भक्ती संपल्यावर लोक तिच्याकडे वळून बघत होते, आणि पुढचे तीन महिने ती मंडळीत आली नाही. नोहा तंबूत उघडा पडला तेव्हा शेम आणि याफेथ पाठमोरे चालत गेले आणि त्याच्यावर वस्त्र घातलं. दुसऱ्यासाठी प्रार्थना करणाऱ्याने तसंच चालावं. माझ्या वहीत आता बऱ्याच नावांचं फक्त आद्याक्षर आहे. सभेत मी म्हणते, “एका बहिणीसाठी प्रार्थना करू, प्रभूला नाव ठाऊक आहे.”

शुक्रवार. माझ्या चुलत दिरांशी आमचा बांधाचा वाद आहे, एकोणीस वर्षांचा. मोजणी दोनदा झाली. माझे मिस्टर त्याच काळजीत असताना आजारी पडले असं मला वाटायचं. प्रभूने छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे हे मला पाठ होतं, मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवतही होते, पण त्यांचं नाव वहीत नव्हतं. ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी त्याच्यापुढे एकही शब्द सुचला नाही. म्हणून पहिले सहा-सात शुक्रवार मी नुसतं नाव घेतलं आणि गप्प राहिले. रोमकरांस पत्रात लिहिलंय की काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो. मी त्यावर टेकून होते. मग एका शुक्रवारी तोंडून निघालं, “त्यांच्या कांद्याला भाव मिळू दे.” त्या वर्षी आमचाही कांदा चाळीत होता. त्यांना भाव मिळाला तर आम्हालाही मिळणार होता, म्हणून हे मागणं मला जमलं असेल. पण तिथून वाट फुटली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सुनेच्या बाळंतपणासाठी मागितलं. वाद आजही मिटलेला नाही. पण नात झाली तेव्हा बाळंतविडा घेऊन मी त्या घराची पायरी चढले, आणि दिरांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली.

ज्यांनी तुम्हाला दुखवलं असेल त्यांचं एकच नाव ठेवा, एका वारी. जास्त ठेवली की जुन्या जखमा मोजणं सुरू होतं. आणि मागणं त्यांच्या भल्याचंच असू द्या. ‘त्यांना त्यांची चूक कळू दे’ ही माझी फार दिवसांची आवडती प्रार्थना होती. ती मी सोडली, कारण तिच्यात मीच न्यायाधीश होते.

उजवी पानं कोरी राहतात तेव्हाचं सांगितलं नाही तर हे लिहिणं अपुरं राहील. माझी धाकटी बहीण कॅन्सरने गेली. मंगळवारच्या पानावर तिचं नाव चौदा महिने होतं. केमोच्या प्रत्येक तारखेला मी उजवीकडे काहीतरी लिहायचे: आज उलटी कमी, आज दोन घास जेवली. शेवटी त्या पानावर फक्त तारीख आहे. प्रभूने गेथशेमानेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही, पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवलं आणि काटा राहिला. हे मला माहीत होतं. तरी महिनाभर मंगळवारचं पान मी उघडलं नाही. पाळकसाहेब भेटायला आले, त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाले, “ताई, ते पान मी वाचू का?” त्यांनी पान वाचलं, प्रत्येक तारीख मोठ्याने. मी तिचं नाव खोडलं नाही. तिच्याखाली तिच्या मुलीचं नाव लिहिलं. माझ्या भाचीसाठी कुणीतरी रोज मागायला हवं होतं, आणि ते काम आता माझ्याकडे होतं.

खाडे पडतातच. प्रवास, लग्नकार्य, आजारपण. खाडा झाला तर मागची बाकी भरू नका. मंगळवार बुडाला तर बुधवारी बुधवारचंच पान उघडा. राहिलेली नावं पुढच्या मंगळवारी येतात. दोन दिवसांचं एकदम करायला गेलं की ते ओझं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी वही कपाटात जाते.

जोडीला कुणीतरी घ्या. लढाई चालू असताना मोशेचे वर उचललेले हात जड झाले तेव्हा त्याला धोंड्यावर बसवून एका बाजूने अहरोनाने आणि दुसऱ्या बाजूने हूराने ते सावरून धरले, सूर्य मावळेपर्यंत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत रोजच्या प्रार्थनेसाठी सोबत कोण येईल असं विचारलं तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या, आणि जूनपर्यंत ५५० जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. आपल्याला एकच मैत्रीण हवी. माझी मैत्रीण श्रीरामपूरला असते, डीएडला आम्ही एका खोलीत राहिलो. बुधवारी रात्री साडेआठला तिचा फोन येतो. आधी प्रार्थना, मग गप्पा, कारण गप्पा आधी झाल्या की जेवणं उरकायची वेळ होते. ती माझी दोन नावं घेते, मी तिची दोन. माझा आवाज जड असला की ती तिघांसाठी मागते, तिसरी मी.

डिसेंबरच्या अखेरीला वही संपते. वर्षाअखेरच्या रात्रीच्या भक्तीला जाण्याआधी, दुपारी, मी नवी वही घेऊन बसते आणि नावं उतरवते. काही नावं पुढे जात नाहीत, त्यांची कामं झालेली असतात. शेजारच्या काकूंच्या थोरल्याचा फोन येऊ लागला, त्याची तारीख उजव्या पानावर आहे. काही नवी येतात. बुधवारच्या पानावर सर्वांत वर त्या अकरांपैकी तीन नावं अजून आहेत. बाकीची आठ मुलं कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गळीत हंगाम संपल्यावर, परत आली, पुढे शिकली, एक तर आता ग्रामपंचायतीत आहे आणि म्हणून शनिवारच्या पानावर गेला. तिघं परत आली नाहीत. पुढच्या रांगेतली ती मुलगी त्यातलीच. तिचं दप्तर मैत्रिणीच्या आईने मला आणून दिलं होतं, त्यात एक अर्धी भरलेली शुद्धलेखनाची वही होती. तिचं आता लग्न झालं असेल, पोरंबाळं असतील, कदाचित तीही कुठल्या फडात असतील. या डिसेंबरलाही मी तिचं नाव पूर्ण लिहिलं, आद्याक्षर नाही, आणि समोरचं उजवं पान मोकळं ठेवलं.